लेझरने जिवंत पेशी छापताना: खानदेशच्या कोरड्या हवेत थर ओला कसा ठेवायचा

खानदेशात ‘टिश्यू कल्चर’ म्हटलं की रावेर-यावलकडे लगेच केळीच्या रोपांचा विषय निघतो. इथे मात्र टिश्यू म्हणजे प्राण्याची किंवा माणसाची ऊती. तिच्यासाठी जिवंत पेशी एकेका थेंबातून, ठरलेल्या जागी लेझरने कशा ठेवायच्या, ते पुढे सांगितलं आहे. जळगाव, धुळे, शिरपूरकडच्या ज्या प्रयोगशाळांत पेशी वाढवायची सोय आहे आणि प्रकाशशास्त्राचं टेबलही आहे, त्यांना पहिले थेंब टाकण्यापर्यंत हे पुरेल.

पद्धतीचं नाव ‘लेझर इंड्यूस्ड फॉरवर्ड ट्रान्सफर’, बोलताना नुसतं ‘लिफ्ट’. १९८६ मध्ये अमेरिकेत तांब्याचे ठिपके काचेवरून सिलिकॉनवर नेण्यासाठी ती प्रथम वापरली गेली. पुढे पेशींसाठी फ्रान्समधल्या बोर्डोच्या आणि जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या गटांनी तिच्यावर बरंच काम केलं. हॅनोव्हरच्या गटाने २०१३ मध्ये फायब्रोब्लास्टचे (त्वचेच्या आतल्या थरातल्या पेशींचे) २० आणि केराटिनोसाइटचे (वरच्या थरातल्या पेशींचे) २० थर छापून त्वचेसारखी रचना उंदरांच्या पाठीवर बसवून दाखवली.

रचना साधी आहे. वर काचेची चकती, तिच्या खालच्या अंगाला सोन्याचा अतिपातळ मुलामा आणि मुलाम्याखाली पेशी मिसळलेल्या शाईचा ओला थर. या तिन्ही मिळून ‘डोनर’. त्याखाली अर्धा मिलिमीटर मोकळी जागा आणि मग ‘रिसीव्हर’, म्हणजे जेलचा थर दिलेली काचपट्टी. लेझरचा एक ठोका वरून काचेतून सोन्यावर पडतो. सोनं तापतं, लगतच्या शाईची वाफ होऊन बुडबुडा फुगतो, त्याच्या दाबाने शाईची बारीक धार खाली निघते आणि थेंब रिसीव्हरवर बसतो. सुई नाही, नोझल नाही, त्यामुळे काही तुंबत नाही. मिलिलिटरला ५ ते १० कोटी पेशींची दाट शाई त्यामुळेच चालते.

नवखा माणूस सगळं लक्ष लेझरकडे देतो. लेझर हा यातला सोपा भाग आहे. एकदा बसवला की तो महिनोन्‌महिने तेच करतो. बिघडतो तो शाईचा ५० मायक्रोमीटरचा थर, आणि तो बिघडतो वाळल्यामुळे. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा हवेत ओलावा उरत नाही, आणि वर एसी उरलासुरला ओलावा काढून घेतो. म्हणून या लेखात लेझरपेक्षा ओलाव्यावर जास्त मजकूर आहे.

लेझर आणि डोळे

१०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर घ्या. ठोका १० नॅनोसेकंदांच्या आसपासचा, आणि एकेक ठोका स्वतंत्र सोडता आला पाहिजे. नमुन्यावर ५ ते ५० मायक्रोज्यूल पोचली की काम होतं. ऊर्जा लेझरच्या विद्युतप्रवाहावरून कमी-जास्त करू नका, त्याने किरणाचा आकारही बदलतो. हाफ-वेव्ह प्लेट आणि पोलरायझिंग बीमस्प्लिटर ही जोडी लावा, प्लेट फिरवून ऊर्जा ठरवा आणि नमुन्याच्या जागी एनर्जी मीटर ठेवून मोजा. पुढे गॅल्व्हो स्कॅनर, म्हणजे किरण हवा तिकडे वळवणारे फिरते आरसे, आणि वळलेला किरण सपाट पातळीवर फोकस करणारी १०० मिलिमीटरची एफ-थीटा लेन्स.

जळगावच्या सराफ बाजारात दागिन्यावर हॉलमार्कचा सहा अक्षरी क्रमांक कोरणारी फायबर लेझर मशीन दिसते, आणि तिचीही तरंगलांबी तीच आहे हे कळल्यावर ‘हीच वापरू’ असं वाटणं स्वाभाविक आहे. प्रकाशाची जुळवणी शिकायला ती उत्तम. पेशींसाठी मात्र दोन अडचणी येतात. अशा मशीनचे ठोके बहुधा १०० नॅनोसेकंदांच्या आसपास लांब असतात, आणि बऱ्याच मशीन सेकंदाला २०,००० ठोक्यांच्या खाली येत नाहीत. म्हणजे दोन ठोक्यांत ५० मायक्रोसेकंदांचं अंतर. पहिल्या ठोक्याचा बुडबुडा आणि धार विरायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. शेजारचा दुसरा बुडबुडा मध्येच फुगला की दोन्ही धारा वाकड्या होतात. शिवाय मालिकेतला पहिला ठोका बाकीच्यांहून वेगळ्या ताकदीचा निघतो, तेव्हा ओळीतला पहिला थेंब नेहमी बिघडलेला मिळतो.

१०६४ नॅनोमीटर डोळ्याला दिसत नाही, आणि सोनं हा प्रकाश फार चांगला परावर्तित करतं. म्हणजे तुमच्या डोनरची चकती हा वरच्या दिशेने रोखलेला आरसाच आहे. १०६४ साठी ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी) ६, म्हणजे प्रकाश दहा लाख पटीने कमी करणारा, किंवा त्याहून वरचा चष्मा खोलीतल्या प्रत्येकाला हवा. हिरव्या लेझरसाठी घेतलेला चष्मा इथे उपयोगाचा नाही, कडेवर छापलेले आकडे वाचूनच घाला. अंगठ्या, घड्याळ काढून ठेवा. दाराला इंटरलॉक लावा. नेम धरायला कमी ताकदीचा लाल पायलट किरण वापरा.

चकती आणि मुलामा

२५ मिलिमीटर व्यासाची बोरोसिलिकेट किंवा क्वार्ट्‌झची चकती घ्या. साबण, अ‍ॅसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, डिस्टिल्ड पाणी या क्रमाने धुवा, स्वच्छ हवेने वाळवा. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे नमुने तयार करायला जो स्पटर कोटर (निर्वातात धातूचा पातळ मुलामा चढवणारं यंत्र) असतो, त्यातच ६० नॅनोमीटर सोनं चढवता येतं. चकती टार्गेटच्या बरोबर मध्याखाली ठेवा, कडेला मुलामा पातळ पडतो. एका चकतीला अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा जरा जास्त सोनं लागतं, तेव्हा काटकसर करायची असेल तर इथे करू नका.

नुसतं सोनं काचेला नीट धरत नाही. आधी ३ ते ५ नॅनोमीटर क्रोमियम किंवा टायटॅनियम द्या. पकड तपासायला एका चकतीवर चिकटपट्टी लावून झटक्यात ओढा. सोनं पट्टीबरोबर आलं तर ती सगळी खेप बाद. असं सोनं ७० टक्के अल्कोहोलमध्ये निर्जंतुक करतानाच कडेने उकलतं, आणि छपाईत त्याचे कपटे थेंबाबरोबर खाली जातात. सोन्याऐवजी नुसतं टायटॅनियमही चालतं. ते प्रकाश खूप जास्त शोषतं, म्हणून ऊर्जा कमी लागते, पण मग सोन्यावर ठरवलेले सगळे आकडे नव्याने ठरवावे लागतात.

ताजं सोनं पाण्याला धरून असतं. डब्यात चार-सहा दिवस पडलं की हवेतला सेंद्रिय अंश त्यावर बसतो आणि पाणी त्यावर अळूच्या पानावरच्यासारखं गोळा होतं. शाईचा थर मग मध्येच फाटतो. म्हणून थर देण्याआधी अर्ध्या तासाच्या आत ३० ते ६० सेकंद प्लाझ्मा किंवा यूव्ही-ओझोन द्या. तपासणी सोपी आहे: ५ मायक्रोलिटर पाणी टाका. ते पसरलं तर घ्या, मण्यासारखं उभं राहिलं तर पुन्हा प्लाझ्मा.

शाई

पहिल्या खेपेला माणसाच्या ऊतीतून थेट काढलेल्या पेशी (प्रायमरी सेल) किंवा स्टेम सेल वापरू नका. एल९२९, एनआयएच ३टी३ किंवा हाकॅट यांपैकी एखादी पेशीमालिका (प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणाऱ्या पेशी) पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून मागवा. शक्यतो उन्हाळ्यात मागवू नका, आणि मागवलीच तर रात्रीच्या प्रवासाने आणा. आल्यावर दोन-तीन पॅसेज (वाढलेल्या पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवणं) होऊ द्या, मगच छपाईला घ्या.

शाईला दाटपणा देणाऱ्या अल्जिनेटचं (समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या पदार्थाचं) २ टक्क्यांचं द्रावण आदल्या दिवशी करा: कमी चिकटपणाचं सोडियम अल्जिनेट १ ग्रॅम, ५० मिलिलिटर ०.९ टक्के मीठपाण्यात, त्यात १० मिलिमोलर हेपिस (पीएच स्थिर ठेवणारं बफर), पीएच ७.४. पाणी डिस्टिल्डच हवं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर असतं आणि कॅल्शियमनेच अल्जिनेट गोठतं. शेवटचा हात नळाच्या पाण्याचा फिरलेल्या बाटलीतसुद्धा शाईत बारीक, न दिसणाऱ्या गाठी होतात, आणि दुसऱ्या दिवशी थेंब का चुकतात ते कळत नाही. द्रावण आधी ०.४५ आणि मग ०.२२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून काढा. ऑटोक्लेव्ह टाळा. उष्णतेने अल्जिनेटच्या साखळ्या तुटतात आणि शाई पातळ होते. हवेचे बुडबुडे काढायला द्रावण सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्या. हे पेशी घालण्याआधी करायचं, नंतर फिरवलं तर पेशीच तळाला जातील.

१०० मायक्रोलिटर शाईला ५० लाख पेशी लागतात, म्हणजे मिलिलिटरला ५ कोटी. भरलेल्या एका टी-७५ फ्लास्कमध्ये (७५ चौरस सेंटिमीटर तळाच्या) त्या सहसा मिळतात, तरी दोन फ्लास्क तयार ठेवा. पेशी सुट्या करायला ट्रिप्सिन तीन मिनिटं, सीरमच्या मीडियमने (पेशींच्या पोषक द्रावणाने) थांबवणं, २०० जी वर पाच मिनिटं सेंट्रिफ्यूज, मेलेल्या पेशींना निळं करणाऱ्या ट्रिपॅन ब्ल्यूने मोजणी. जिवंत पेशी ९५ टक्क्यांच्या खाली असतील तर त्या दिवशी छापू नका, कारण मेलेल्या पेशींचा दोष नंतर लेझरवर जाईल.

मोजणी झाली की मीडियम शक्य तितकं काढून घ्या. ५० लाख पेशींचा स्वतःचाच आकार जवळपास ९ मायक्रोलिटर असतो, हे विसरून बरेच जण शाई पातळ करून बसतात. पेलेटवर, म्हणजे तळाला बसलेल्या पेशींच्या गोळ्यावर, ५० मायक्रोलिटर अल्जिनेट घाला आणि एकूण १०० होईल इतकंच मीडियम. टोक कापलेल्या टिपने, सावकाश, तळाशी धरून दहा-बारा वेळा खाली-वर करा.

पेशी इतक्या दाट का, याचा हिशेब बघा. एक थेंब १०० पिकोलिटरचा धरला तर मिलिलिटरला ५ कोटीच्या शाईत त्यात सरासरी ५ पेशी येतात. पेशी थेंबात योगायोगाने येतात, तरी सरासरी ५ असेल तर रिकामा थेंब शंभरात एखादाच निघतो. तीच शाई १ कोटीची केली तर सरासरी १ होते, आणि मग शंभरातले ३७ थेंब रिकामे. रांगेत मध्येमध्ये रिकाम्या जागा दिसल्या की नेम तपासण्याआधी शाईतली पेशींची संख्या तपासा.

शाई वाळू नये म्हणून ग्लिसरॉल घालायचा सल्ला तुम्हाला मिळेल. पेशींशिवायच्या सरावाच्या शाईत १० टक्के ग्लिसरॉल जरूर घाला, थर निवांत टिकतो. पेशींच्या शाईत मात्र नको. तितकं ग्लिसरॉल पेशीतलं पाणी बाहेर ओढतं. तिथे हवेतला ओलावा सांभाळणं हाच खरा उपाय.

थर

२५ मिलिमीटरच्या चकतीचं क्षेत्रफळ ४.९ चौरस सेंटिमीटर. ५० मायक्रोमीटर थराला शाई लागते सुमारे २५ मायक्रोलिटर. ती मध्ये टाकून ब्लेडने एकाच हाताने, न थांबता ओढा. ब्लेडच्या फटीच्या साधारण निम्म्या जाडीचा थर मागे राहतो, म्हणून फट १०० मायक्रोमीटरची ठेवा. ब्लेडपुढे थोडी शाई जमते, तिच्यासाठी टाकताना ३० ते ३५ मायक्रोलिटर घ्या.

आता घड्याळ सुरू होतं. तुमच्या खोलीत हा थर किती वेगाने वाळतो, हे कोणाच्या पुस्तकात नाही, ते स्वतः मोजायचं. ०.१ मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू घ्या, थर दिलेली चकती पारड्यात ठेवा आणि दर ३० सेकंदांनी वजन लिहा. पूर्ण थराचं वजन साधारण २५ मिलिग्रॅम, तेव्हा २.५ मिलिग्रॅम गेले की थर १० टक्के उतरला. तासाला ०.१ मिलिमीटर पाणी उडत असेल तर हे तीन मिनिटांत होतं. आकडा लहान वाटतो, पण तेवढ्यात शाई घट्ट होऊ लागते, क्षारांचं प्रमाण वाढतं आणि पहिल्या थेंबाला पुरलेली ऊर्जा शेवटच्या थेंबाला पुरत नाही. हे मोजमाप एकदा मे मध्ये, एकदा ऑगस्टमध्ये आणि एकदा जानेवारीत करा, आणि तीन आलेख यंत्राजवळ भिंतीला लावा. पावसाळ्यात बसवलेले आकडे एप्रिलमध्ये का चालत नाहीत, ते त्या आलेखांत दिसेल.

उपाय म्हणजे ओला डबा. ३० बाय ३० बाय २० सेंटिमीटरचा अ‍ॅक्रिलिकचा डबा करा, आत डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेले फिल्टर पेपर दोन बाजूंना उभे लावा, छोटं हायग्रोमीटर ठेवा आणि ओलावा ८० टक्क्यांच्या वर गेला की मगच थर द्या. झाकणाला चकतीच्या मापाचं भोक पाडून चकती तिथेच बसवा. वरची काच खोलीच्या हवेत, खालचा थर ओल्या हवेत. लेझरला मग वेगळी खिडकी लागत नाही, आणि लेन्सवर दव येण्याचा प्रश्नही सुटतो. चकती मात्र आधी दहा मिनिटं डब्याच्या तापमानाला येऊ द्या. एसीखाली गार झालेली चकती ओल्या डब्यात नेली की सोन्यावर दव धरतं आणि थर त्या पाण्यावर घसरतो.

ओलाव्यासाठी अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर वापरणार असाल तर त्यातही डिस्टिल्ड पाणीच घाला. जड पाण्यातले क्षार हवेत उडतात आणि सगळ्या काचांवर पांढरी पूड बसते. आणि उन्हाळ्यात कितीही मोह झाला तरी या खोलीत कूलर नको. त्याच्या वाळ्याच्या ताट्यांतून बुरशीचे बीजाणू आणि धूळ आत येते, पंख्याची थरथर टेबलापर्यंत पोचते, आणि आठवड्याभरात इन्क्युबेटरमध्ये बुरशी दिसू लागते.

थराला दुसरं घड्याळही लागलेलं असतं. पेशी पाण्याहून किंचित जड असतात. पाण्यासारख्या पातळ शाईत १५ मायक्रोमीटरची पेशी सेकंदाला सुमारे ६ मायक्रोमीटर खाली बसते, म्हणजे ५० मायक्रोमीटरचा थर आठ-नऊ सेकंदांत ओलांडते. शाई पाण्याच्या शंभरपट दाट असली तर त्याला तेरा-चौदा मिनिटं लागतात. अल्जिनेट यासाठीच घातलेलं आहे. थर दिल्यापासून शेवटच्या थेंबापर्यंतचं काम दहा मिनिटांत आटपेल असं वेळापत्रक ठेवा.

रिसीव्हर

कोरड्या काचेवर आपटलेली पेशी फुटते. तिला थांबायला मऊ, ओलसर गादी लागते. २२ मिलिमीटरच्या चौकोनी काचेवर १०० मायक्रोमीटर जेल द्यायला सुमारे ५० मायक्रोलिटर पुरतं. मॅट्रिजेल (पेशींभोवतीच्या प्रथिनांचं तयार जेल) सोपं, पण महाग, आणि ते उंदराच्या गाठीपासून काढलेलं असल्याने रुग्णापर्यंत नेण्याच्या कामाचं नाही. रात्रभर ४ अंशांवर वितळवा, टिपासुद्धा फ्रीजमध्ये गार करा, आणि नळी बर्फाबाहेर काढू नका. एप्रिलमध्ये हातातल्या हातात ते गोठतं. स्वस्त पर्याय उंदराच्या शेपटीचं टाइप १ कोलॅजन: ३ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, बर्फावर पीएच उदासीन करून ३७ अंशांवर अर्धा तास.

छपाईच्या क्षणी जेलवर पाणी चमकत नसावं आणि जेल कोरडंही दिसू नये. पाणी साचलेलं असेल तर थेंब त्यात विरघळून भरकटतो, आणि कोरडं असेल तर पेशी मरतात. डबा ओला असला की ही मधली अवस्था दहा-पंधरा मिनिटं टिकते.

मधल्या ५०० मायक्रोमीटरसाठी खास काही विकत आणू नका. मायक्रोस्कोपच्या क्रमांक १.५ च्या कव्हरस्लिपची जाडी ०.१७ मिलिमीटर असते. तीन एकावर एक ठेवल्या की ०.५१ झालं. चारही कोपऱ्यांना त्या जेलच्या पृष्ठापासून मोजून लावा.

ऊर्जा ठरवणं

आधी ठिपक्याचा खरा आकार काढा. सोन्याची कोरडी चकती घ्या, वेगवेगळ्या ऊर्जेचे ठोके मारा आणि उडालेल्या सोन्याच्या भोकांचे व्यास मायक्रोस्कोपखाली मोजा. समजा १० मायक्रोज्यूलला ३० मायक्रोमीटर आणि २० ला ५०. व्यासांच्या वर्गांतला फरक १,६००. ऊर्जा दुप्पट झाली, म्हणून भागा ०.६९३ ने (२ चा नैसर्गिक लॉगॅरिदम), आणि मग २ ने. उत्तर आलं १,१५४, त्याचं वर्गमूळ ३४. किरणाची त्रिज्या ३४ मायक्रोमीटर, आणि २० मायक्रोज्यूलला सरासरी ऊर्जाघनता चौरस सेंटिमीटरला ०.५५ ज्यूल. प्रत्यक्षात दोनच नाही, निदान सहा ऊर्जा घेऊन रेषा काढा. एवढ्या मोठ्या ठिपक्याला फोकस एखादा मिलिमीटर सरकला तरी फारसं बिघडत नाही, हे यातून कळतं आणि मनाला स्वस्थता येते.

मग खाण्याचा रंग घातलेली, पेशी नसलेली शाई घेऊन ५, १०, १५, २०, ३०, ४० मायक्रोज्यूलच्या ओळी छापा. तीन अवस्था दिसतील. खालच्या ऊर्जेला काहीच पडत नाही: बुडबुडा फुगतो आणि शाईतच परत बसतो. मध्ये गोल, स्वच्छ थेंब. वर गेलात की मुख्य थेंबाभोवती बारीक शिंतोडे, शेवटी नुसता फवारा. स्वच्छ थेंब जिथे सुरू होतो त्याच्या १५-२० टक्के वर थांबा. जास्त ऊर्जेने थेंब ‘नक्की’ पडेल असं वाटतं, पण त्या फवाऱ्यातल्या पेशींवरचा ताण दुसऱ्या दिवशी मोजणीत दिसतो. पेशी घातल्यावर शाईचा स्वभाव किंचित बदलतो, म्हणून शेवटची एक ओळ पेशींच्या शाईवरही करा.

छपाई

थेंबांमधलं अंतर ठरवताना ठिबकचा विचार करा. ड्रिपर लांब असले की ओलीची वेगवेगळी वर्तुळं राहतात, जवळ आणले की ती मिळून सलग पट्टा होतो. थेंब पसरून १०० मायक्रोमीटर होत असेल तर २०० वर सुटे ठिपके, ८० ते १०० वर सलग रेघ. फरक एवढाच की इथे वरच्या डोनरचंही अंतर सांभाळावं लागतं. एका ठोक्याने थरात खड्डा पडतो. त्याच्या कडेला पुढचा ठोका मारला तर धार खड्ड्याकडे झुकते. डोनरवर ३०० मायक्रोमीटर अंतर ठेवा. खाली त्याहून दाट नक्षी हवी असेल तर रिसीव्हरचं टेबल वेगळं सरकवा.

डोनरवरच्या १५ बाय १५ मिलिमीटर भागात असे ५१ गुणिले ५१, म्हणजे २,६०१ ठोके बसतात. सेकंदाला १०० ठोक्यांनी २६ सेकंदांत काम संपतं. यातून सुमारे १३,००० पेशी खाली जातात, आणि थरात होत्या साडेबारा लाख. शंभरातली एकच वापरली गेली. रुग्णाच्या मोजक्या पेशींवर काम करायची वेळ येईल तेव्हा हा हिशेब आठवा आणि चकती लहान करा.

एकावर एक थर रचायचे असतील तर प्रत्येक थरासाठी नवी चकती, मध्ये जेलचा पातळ हात, आणि दर थराला मधलं अंतर पुन्हा मोजणं. रक्तवाहिन्या नसलेल्या रचनेत प्राणवायू १०० ते २०० मायक्रोमीटरपर्यंतच नीट पोचतो, म्हणून सुरुवातीला त्याहून उंच जाऊ नका.

छापल्यावर

अल्जिनेट गोठवायला कॅल्शियमचं द्रावण: कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ०.७३५ ग्रॅम, मीठ ०.४४ ग्रॅम, हेपिस ०.२४ ग्रॅम, १०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात, पीएच ७.४, फिल्टर करून. पीबीएसमध्ये (फॉस्फेट असलेल्या मीठपाण्यात) करू नका. फॉस्फेट आणि कॅल्शियमचा पांढरा साका बसतो. धुतानाही पीबीएसमध्ये ठेवू नका, ते जेलमधलं कॅल्शियम ओढून जेल सैल करतं. द्रावण बारीक फवाऱ्याने द्या, दोन ते तीन मिनिटं थांबा, मग ३७ अंशांचं मीडियम भांड्याच्या कडेने सोडा. वरून ओतलं तर नक्षी वाहून जाते.

नुसत्या अल्जिनेटला पेशी चिकटत नाहीत. त्या गोलच राहिल्या तर त्या मरणाऱ्याच आहेत असं समजू नका. खालच्या कोलॅजनपर्यंत पोचलेल्या पेशी पसरतात, वरच्या राहतात. पसरलेल्या पेशी हव्या असतील तर शाईत फायब्रिनोजेन आणि रिसीव्हरवर थ्रॉम्बिन (रक्त गोठवणारी जोडी) असा मार्ग घ्या.

पेशी लेझरने मेल्या की आणखी कशाने, हे तीन नमुन्यांशिवाय कळत नाही: शाईत न घातलेल्या पेशी, शाईत घालून पिपेटने टाकलेल्या पेशी, आणि छापलेल्या पेशी. दुसऱ्या आणि तिसऱ्यातला फरक तेवढाच लेझरचा. दुसराच नमुना खराब असेल तर दोष शाईचा किंवा वाळण्याचा. पिपेटचा नमुना छपाई चालू असेपर्यंत त्याच ओल्या डब्यात ठेवा, नाहीतर तुलना खोटी ठरते. मोजायला दोन रंग: जिवंत पेशी हिरव्या दाखवणारं कॅल्सीन एएम २ आणि मेलेल्या लाल दाखवणारं इथिडियम होमोडायमर ४ मायक्रोमोलर, अर्धा तास, आणि प्रत्येक नमुन्यात निदान ३०० पेशी मोजा. तासाभराने, २४ तासांनी आणि ७२ तासांनी. तासाभराची मोजणी फसवी असते. मार लागलेली पेशी तेव्हा हिरवी दिसते आणि रात्रीतून मरते.

लोडशेडिंगचा विचार छपाईच्या दिवशी नाही, त्याच्या पुढच्या ७२ तासांसाठी करा. इन्क्युबेटरला यूपीएस, दार न उघडण्याची ताकीद, आणि कार्बन डायऑक्साइडचा दुसरा भरलेला सिलिंडर. सिलिंडर संपायची वेळ बहुधा शनिवारी रात्रीच येते.

संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी काम सुरू होण्याआधी घ्या. माणसाच्या नमुन्यातून काढलेल्या पेशींना नैतिकता समितीचीही लागते, आणि स्टेम सेल असतील तर आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) व डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात. उरलेली शाई, टिपा, जेलच्या काचा १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करून २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे द्या. वापरलेल्या चकतीवर ठोक्यांची भोकं पडलेली असतात, ती पुन्हा वापरू नका. ऑटोक्लेव्हनंतर सोनं घासून काढलं की काच परत स्पटरला घेता येते. क्रोमियम दिलेलं असेल तर ते घासून निघत नाही, तेव्हा अशा चकत्या वेगळ्या डब्यात ठेवा आणि डब्यावर तसं लिहा.